परतीच्या वेळेपासून आखावी अशी सहल

समुद्रसपाटीपासून सुमारे ९०० मीटर उंचीवर, दख्खनच्या पठारावर वसलेल्या बंगळुरूत जहाजाच्या प्रवासाचे बेत आखले जावेत, हे वरकरणी विसंगत वाटेल. तथापि सप्टेंबर २०२१ मध्ये मुंबईहून गोवा, कोची आणि लक्षद्वीपकडे जाणारी क्रूझ-सेवा देशी प्रवाशांसाठी सुरू झाली आणि जलप्रवासाची हौस परदेशवारीशिवायही भागू लागली. बंगळुरूतील निवृत्त सहकाऱ्यांचे गट, ज्येष्ठ नागरिकांचे संघ आणि एकाच वसाहतीत राहणारी कुटुंबे तीस-चाळीस जणांच्या तुकड्या करून अशा प्रवासाला निघतात, तेव्हा त्यात कित्येकांची वर्षानुवर्षांची बचत गुंतलेली असते. अनेकांच्या आयुष्यातील तो पहिला, आणि कदाचित एकमेव, जलप्रवास असतो.

जहाजावर असेपर्यंत फारशी चिंता नसते. भोजन, निवास, मनोरंजन यांची व्यवस्था दुसऱ्यांच्या हाती असते. कसोटी लागते ती जहाज बंदराला लागल्यावर. चाळीस माणसे, अनोळखी शहर आणि हाती मोजके तास! या तासांतील किनारा-सहल नीट पार पडली तर प्रवासाची गोडी वाढते. बिघडली तर वर्षानुवर्षांच्या स्नेहात कडवटपणा येतो. म्हणून अशा सहलीचे नियोजन दोन सूत्रांवर व्हावे. पहिले, ती परतीच्या वेळेपासून मागे मोजत आखावी. दुसरे, तिचा वेग गटातील सर्वांत सावकाश चालणाऱ्या व्यक्तीने ठरवावा.

अंतर नव्हे, वेळ

पहिले सूत्र बंगळुरूकरांना शिकवण्याची वास्तविक गरज नाही. सिल्क बोर्डचा चौक रोज ओलांडणारा मनुष्य ‘किती किलोमीटर?’ असे विचारत नाही; ‘किती वेळ लागेल?’ असेच विचारतो. मे २००८ मध्ये विमानतळ शहरापासून दूर देवनहळ्ळीला गेला, तेव्हापासून विमानाच्या वेळेतून मागे मोजत घर सोडण्याची वेळ काढणे हा येथील प्रत्येक कुटुंबाचा सराव झाला आहे. नवल असे की, हेच सुजाण लोक सहलीची यादी करताना हा सराव घरी ठेवून जातात. ‘एवढे पैसे भरले आहेत, तर सगळे पाहून घेऊ,’ या भावनेने सात-आठ स्थळे कागदावर मांडली जातात आणि दोन स्थळांमधील वेळ मात्र कोणीच मांडत नाही.

एक साधा हिशोब पुरेसा आहे. समजा, जहाज सकाळी ८ वाजता धक्क्याला लागले आणि सर्वांनी दुपारी ४.३० पर्यंत परत चढावे अशी सूचना आहे. हाती साडेआठ तास आहेत असे वाटते. त्यांतून उतरण्याच्या रांगेचा आणि बंदराच्या दारापर्यंत पोहोचण्याचा एक तास वजा करावा. परतीसाठी दीड तासाची राखीव वेळ ठेवावी. उरले सहा. भोजनाला एक तास आणि बसच्या प्रवासाला दीड तास धरला, तर साडेतीन उरतात. तीन ठिकाणी थांबायचे तर चाळीस माणसांना प्रत्येक वेळी उतरायला आणि चढायला मिळून वीस मिनिटे लागतात. म्हणजे आणखी एक तास गेला. प्रत्यक्ष पाहण्यासाठी अडीच तास राहिले, अर्थात प्रत्येक स्थळाला पन्नास मिनिटे! आठ स्थळांची यादी या हिशोबापुढे आपोआप गळून पडते.

कोचीचे उदाहरण

या दृष्टीने कोचीचे बंदर उद्बोधक आहे. बंदर खोल करताना निघालेल्या गाळाच्या भरावातून घडलेल्या विलिंग्डन बेटावर ‘सागरिका’ हे क्रूझ-प्रवाशांचे स्थानक २०२१ मध्ये उभे राहिले. तेथून मट्टानचेरी आणि फोर्ट कोची ही दोन्ही ठिकाणे जवळ आहेत. वास्को द गामाचे १५२४ मध्ये कोचीतच निधन झाले. त्याचे प्रथम दफन जेथे झाले, ते सेंट फ्रान्सिस चर्च फोर्ट कोचीत आहे. पाण्यावर झुकलेली प्रचंड चिनी जाळी तेथून चालत जाण्याच्या अंतरावर आहेत. मट्टानचेरीच्या राजवाड्यात रामायणातील प्रसंगांची भित्तिचित्रे आहेत आणि शेजारीच १५६८ मध्ये बांधलेले ज्यूंचे प्रार्थनामंदिर आहे. गोव्यातून येऊन स्थायिक झालेल्या गौड सारस्वतांचे तिरुमल देवस्थानही याच परिसरात आहे. कोकणी आणि मराठी कुटुंबांना तेथे विशेष आपलेपणा वाटावा, हे स्वाभाविकच.

परंतु जहाज कोणत्या वारी बंदराला लागते, हे प्रथम पाहावे लागते. मट्टानचेरीचा राजवाडा शुक्रवारी बंद असतो. ज्यूंचे प्रार्थनामंदिर त्यांच्या विश्रांतिदिनी, म्हणजे शनिवारी, पाहता येत नाही. केरळातील बहुतेक मंदिरांची दारे दुपारी मिटतात ती सायंकाळीच उघडतात. म्हणजे देवदर्शन सकाळी प्रथम ठेवले नाही, तर ते घडतच नाही. या गोष्टी बंगळुरूत बसून एका दूरध्वनीने कळू शकतात. बंद दारापुढे चाळीस माणसे उभी राहिल्यावर कळल्या, तर दोष कोणाचा यावरच पुढचा अर्धा तास खर्च होतो.

गोव्याच्या थांब्याची अडचण निराळी आहे. अनेक मराठी कुटुंबांचे कुलदैवत फोंडा तालुक्यात आहे. कोणाचा मंगेश, कोणाची शांतादुर्गा. मुरगाव बंदरात उतरलेल्या गटातील काहींना दर्शन हवे असते, काहींना जुन्या गोव्यातील चर्च पाहायचे असते, तर उरलेल्यांना समुद्रकिनारा खुणावतो. एका दिवसात तिन्ही साधण्याचा हट्ट धरला, तर अभिषेक घाईत उरकतो, चर्च बाहेरूनच पाहिले जाते आणि किनारा बसच्या खिडकीतून दिसतो. अशा वेळी निघण्यापूर्वी बैठक घेऊन एकच दिशा ठरवणे, अथवा दोन गट आणि दोन वाहने करणे, हेच शहाणपणाचे.

जहाजाची सहल की स्वतःची?

जहाज-कंपनीने आखलेली सहल महाग असते, आणि तेवढ्याच पैशांत स्वतःची बस ठरवून बरेच वाचवता येते, हा मुद्दा प्रत्येक बैठकीत निघतो. तो चुकीचा नाही. पण अपुरा आहे. दोन्हींतील खरा फरक पैशांचा नसून विलंबाची जबाबदारी कोणावर, याचा आहे. कंपनीच्या सहलीची बस वाटेत अडकली, तर जहाज सामान्यतः थांबते किंवा कंपनी प्रवाशांना पुढे पोहोचवण्याची सोय करते. स्वतः आखलेल्या सहलीसाठी जहाज थांबत नाही. पुढचा थांबा मुंबई असेल तर रेल्वे आहे, विमान आहे. तो लक्षद्वीपचे बेट असेल तर मागून गाठणे जवळजवळ अशक्यच.

म्हणून येथे सरसकट उत्तर देण्यापेक्षा अंतराची मर्यादा पाळावी. बंदरापासून तासाभराच्या आतील ठिकाणी, फोर्ट कोचीसारख्या परिसरात, गटाने स्वतःची व्यवस्था खुशाल करावी. त्याहून दूर जायचे असेल, किंवा गटात वृद्धांची संख्या मोठी असेल, तर जहाजाच्या सहलीसाठी दिलेले अधिक पैसे हा विम्याचा हप्ता समजावा.

जुन्या पिढीला यात नवीन काही वाटणार नाही. कोकणच्या बोटींच्या काळात हर्णै, मालवण, वेंगुर्ले येथे बोट खोल पाण्यात उभी राही आणि उतारूंना पडावातून ये-जा करावी लागे. भोंगा वाजला की बोट कोणासाठी खोळंबत नसे. लक्षद्वीपच्या थांब्यावर आजही मोठे जहाज दूर नांगरून लहान बोटींतून प्रवाशांना नेले जाते, आणि समुद्र खवळलेला असेल तर बेटावर उतरणे रद्दही होते. दर्यापुढे मनुष्याच्या कार्यक्रमपत्रिकेला मान नाही, ही जाणीव त्या पिढीला होती. ती आपणही बाळगावी.

‘तुम्ही या, मी बसते’

दुसरे सूत्र अधिक महत्त्वाचे आहे. प्रत्येक ज्येष्ठांच्या सहलीत एखादी आजी किंवा काकू तिसऱ्या थांब्यावर म्हणते, ‘तुम्ही पाहून या, मी बसमध्येच बसते.’ सर्वांना तो समजूतदारपणा वाटतो. वास्तविक ती नियोजनाच्या अपयशाची पावती असते. त्या बाईंनीही इतरांइतकेच पैसे भरलेले असतात आणि त्यांचीही उत्सुकता तेवढीच असते. गुडघे साथ देत नाहीत, हे त्यांना निघण्यापूर्वीच ठाऊक असते. ते विचारण्याची तसदी मात्र कोणी घेतलेली नसते.

यावर कोणी म्हणेल, एकाच्या संथ चालीपायी इतर एकोणचाळीस जणांनी का थांबावे? आक्षेप रास्त आहे. परंतु कोणी थांबण्याची गरजच नाही. मुख्य स्थळे थोडी आणि जवळजवळची निवडावीत. तेथे सर्वांनी एकत्र पोहोचावे. ज्यांना चालण्याची उमेद आहे, त्यांनी तेथून पुढे फेरफटका मारून ठरलेल्या वेळी परत यावे. चिनी जाळ्यांजवळ सावलीत बसून खाडीतील नौका पाहणाऱ्यांची सहल काही कमी प्रतीची ठरत नाही. मात्र बसायला जागा, पाणी आणि स्वच्छतागृह कोठे आहे, याची माहिती सहलप्रमुखाच्या वहीत स्थळाच्या इतिहासाआधी असली पाहिजे. प्रत्येकाला एक जोडीदार नेमून द्यावा, म्हणजे मोजणी सोपी होते आणि एकटे मागे कोणी राहत नाही.

हिशोबाची स्वच्छता

सामूहिक सहलीत बेबनाव होतो तो बहुधा रकमेवरून नव्हे, तर संदिग्धतेवरून. वर्गणी एकाच व्यक्तीच्या वैयक्तिक खात्यात जमा झाली, की ती व्यक्ती कितीही सचोटीची असो, तिच्यावर अकारण ओझे येते. दोघांच्या सह्यांनी चालणारे स्वतंत्र खाते, जमा-खर्चाची सर्वांना पाहता येईल अशी नोंद आणि परतल्यावर आठ दिवसांत शिल्लक रकमेची परतफेड, एवढी शिस्त पुरते. कोणी ऐनवेळी रद्द केले तर किती रक्कम परत मिळेल, हे वर्गणी घेतानाच लेखी सांगावे. किरकोळ खर्चासाठी थोडी सुटी रोकड दोघांकडे विभागून ठेवावी. परदेशी बंदर असेल, तर जहाजाचे घड्याळ आणि किनाऱ्याचे घड्याळ यांत फरक असू शकतो. परतीची वेळ कोणत्या घड्याळाची, हे उतरण्यापूर्वी विचारून घ्यावे. जहाजाचे ओळखपत्र, औषधे आणि बंदरातील प्रतिनिधीचा दूरध्वनी क्रमांक प्रत्येकाच्या खिशात असावा; केवळ सहलप्रमुखाच्या नव्हे.

इतकी सावधगिरी बाळगली तर सहलीतील आनंदच नाहीसा होईल, अशी शंका काहींना येईल. अनुभव उलट सांगतो. परतीची वेळ निश्चित आहे, आपल्यासाठी कोणी खोळंबलेले नाही आणि आपल्याला मागे टाकून कोणी गेलेले नाही, हे ठाऊक असलेला प्रवासीच समोरचे दृश्य मन लावून पाहू शकतो. पाहिलेल्या स्थळांची संख्या घरी आल्यावर कोणी विचारत नाही. चाळीसही जण एकमेकांशी हसत-बोलत धक्क्यावर वेळेत परतले आणि पुढच्या वर्षीच्या वर्गणीचा विषय जहाजावरच निघाला, की सहल चांगली झाली असे समजावे.