रिंग कुणासाठी?

आठवतंय का मंडळी, नोकियाच्या जुन्या फोनमध्ये प्रोफाइल्स असायची? जनरल, सायलेंट, मीटिंग, आउटडोअर. लोकलमध्ये चढताना आउटडोअर, बॉसच्या केबिनमध्ये शिरताना मीटिंग. तुम्ही कुठे आहात यावर आवाज ठरायचा.

आता आपण कुठेही असलो तरी प्रोफाइल एकच, सायलेंट! आमच्या अख्ख्या फ्लोअरवर दिवसभरात एक फोन वाजत नाही. वाजला तर सगळे माना वळवून असे बघतात, जणू कुणी लायब्ररीत फटाका लावलाय. कारणही सॉलिड आहे. दर दोन तासांनी कुणीतरी पर्सनल लोन घेऊन मागे लागतं. कोण कशाला रिंग चालू ठेवेल?

त्यात आवाजाचा घोळ वेगळाच. बऱ्याच अँड्रॉइड फोनवर बाजूचं बटण दाबलं की वाढतो तो गाण्यांचा आवाज. रिंग बिचारी शून्यावर ती शून्यावरच. रिंग आणि नोटिफिकेशनचे आवाज वेगळे करायची सोय तर अँड्रॉइडमध्ये २०२३ साली, चौदाव्या व्हर्जनला आली. फेस आयडीवाल्या आयफोनची तऱ्हा आणखी न्यारी. तुम्ही स्क्रीनकडे बघितलंत की तो रिंग आपोआप हळू करतो. फोन बिघडलेला नसतो, 'अटेन्शन अवेअर' हे सेटिंग चालू असतं.

'डू नॉट डिस्टर्ब' लावणारे म्हणतील, अर्जंट असेल तर माणूस पुन्हा करेलच की! सोय आहेच तशी. 'रिपीट कॉल्स' चालू असेल तर त्याच नंबरवरून आयफोनवर ३ मिनिटांत आणि अँड्रॉइडवर १५ मिनिटांत दुसरा कॉल आला की फोन वाजतो.

पण बॉस, आपली आई दुसऱ्यांदा फोन करतच नाही! एकदा करते, 'कामात असेल' म्हणते आणि ठेवून देते. बाबांना दवाखान्यात नेलं तरी मेसेज काय, तर 'फ्री झालीस की कर'. चिकाटीने पुन्हा पुन्हा करणारा कोण? लोनवाला!

म्हणून यादी आपणच करायची. अँड्रॉइडवर रिंगचा आवाज चालू ठेवून 'डू नॉट डिस्टर्ब' लावा आणि फक्त स्टार केलेल्या कॉन्टॅक्ट्सना परवानगी द्या. आयफोनवर त्या माणसाचा कॉन्टॅक्ट एडिट करून रिंगटोनमध्ये 'इमर्जन्सी बायपास' ऑन करा. मग फोन सायलेंट असला तरी तो एक कॉल वाजतोच.

यादी मात्र छोटी ठेवा. आई, बाबा, घरातलं लहान मूल जिच्याकडे असतं ती पाळणाघरवाली ताई, गावाकडे एकट्या राहणाऱ्या आजीचे शेजारी. बॉसला तिथे जागा नाही, त्याच्यासाठी ईमेल आहे.

आज लंच टाइममध्येच उरकून टाका, दोन मिनिटांचं काम. आईला मुद्दाम सांगायला नको. पुढच्या वेळी पहिल्याच रिंगला उचललात की ती स्वतःच विचारेल, "काय गं, आज ऑफिसला सुट्टी का?"