मार्गारेटचा हिरवा फ्रॉक

कॅम्पस कादंबऱ्यांचा विषय निघाला की कुणीतरी किंग्जली एमिसची 'लकी जिम' (१९५४) पुढे करतंच. वाच, हसून हसून पोट दुखेल! दुखतं, मान्य. इंग्लंडमधल्या आडबाजूच्या विद्यापीठात अजून नोकरी पक्की न झालेला जिम डिक्सन प्रोफेसरच्या घरी मुक्कामाला जातो, पिऊन येतो आणि सिगारेटने पांघरूण जाळतो. दुसऱ्या दिवशीच्या त्या हँगओव्हरला तोड नाही. कुणी बघत नसलं की हा वेडीवाकडी तोंडं करतो, त्या तोंडांना नावंही ठेवलेली. आपण त्याच्या कातडीत शिरूनच हसतो.

आणि मार्गारेट? तीही तिथेच लेक्चरर. पण तिचं शरीर आपल्याला फक्त बाहेरून दिसतं. भडक मेकअप, हिरवा पेस्ली फ्रॉक, त्यावर न शोभणारे बुटक्या टाचांचे मखमली छापाचे बूट. या बाईने नुकत्याच झोपेच्या गोळ्या घेतल्यात हो! तर शेवटी तो बनाव होता असं कळतं, जिम मोकळा, आपणही मोकळे. त्याला देखणी क्रिस्टीन मिळते, वर लंडनची नोकरी.

(मार्गारेट बेतलीय मोनिका जोन्सवर. लेस्टरला इंग्रजी शिकवणारी, कवी फिलिप लार्किनची मैत्रीण. कादंबरी अर्पण कुणाला? लार्किनलाच. असो.)

यावरचं ठरलेलं उत्तर मला पाठ आहे. "अगं, जिमला कळतं ना ते! क्रिस्टीनला रूप मिळालं म्हणून तिचा स्वभाव सरळ, मार्गारेटचं नशीबच खोटं, असा विचार तो करतोच की." करतो, आणि म्हणूनच मला जास्त राग येतो. नशीब कसलं? पत्ते वाटणारा लेखकच. फ्रॉक त्यानेच निवडला, बूट त्यानेच, आणि बिल नशिबाच्या नावावर फाडलं. जिमची नोकरी ज्याच्या हातात आहे त्या प्रोफेसर वेल्शची थट्टा होते त्याच्या भंपकपणावरून, भयानक ड्रायव्हिंगवरून. मार्गारेटची मात्र दिसण्यावरून.

टॉम शार्पच्या 'पोर्टरहाउस ब्लू'त (१९७४) केंब्रिजमधल्या पोरांच्या खोल्या आवरणाऱ्या मिसेस बिग्जचा लठ्ठपणा हाच विनोद. एक संशोधक पोरगा तिच्यापायी वेडा होतो आणि स्फोटात दोघं मरतात. हसा. आपल्या गॅदरिंगमधले फिशपॉन्ड आठवा ना, प्रिन्सिपॉलवर किती पडायचे आणि जाड मुलींवर किती?

विनोदाने शरीराला हात लावू नये असं माझं म्हणणं नाही. झेडी स्मिथच्या 'ऑन ब्यूटी'त (२००५) किकी बेल्सी चांगली ऐसपैस आहे, आणि लोक तिच्याकडे कसे बघतात हे तिला पक्कं ठाऊक असतं. नवऱ्याने, हॉवर्डने, एका चिमुकल्या गोऱ्या कवयित्रीशी लफडं केल्यावर ती त्याला त्याच शब्दांत जाब विचारते. हसू होतं ते हॉवर्डचं. रेम्ब्रांटच्या थोरवीला सुरुंग लावायला निघालेला हा कलेतिहासाचा प्राध्यापक शेवटी भाषणाला नोट्सशिवाय उभा राहतो. पडद्यावर पाण्यात उतरलेली रेम्ब्रांटची हेंड्रिक्ये, समोर श्रोत्यांत किकी. त्याला एक शब्द सुचत नाही. तो नुसता ते चित्र मोठं मोठं करत जातो.