ग्रंथाची परीक्षा कीं ग्रंथकर्त्रीची?

एखाद्या स्त्रीच्या युक्तिवादाला उत्तर सुचत नसलें म्हणजे तिच्या शयनगृहाची झडती घ्यावी, हा टीकेचा प्रकार जुनाच आहे. परंतु एका प्रतिष्ठित साप्ताहिकानें तो न लाजतां अंगीकारावा याचें आम्हांस नवल वाटतें. अमेरिकन विदुषी केट मिलेट यांच्या बाबतींत तसें घडलें.

कोलंबिया विद्यापीठासाठीं लिहिलेला त्यांचा प्रबंध १९७० सालीं ‘सेक्शुअल पॉलिटिक्स’ या नांवानें प्रसिद्ध झाला. स्त्रीपुरुषसंबंध हा निसर्गाचा नव्हे, सत्तेचा व्यवहार आहे, हें सूत्र धरून लॉरेन्स, हेन्री मिलर व नॉर्मन मेलर यांच्या कादंबऱ्यांची त्यांनीं उलटतपासणी केली. ऑगस्टमध्यें ‘टाइम’नें मुखपृष्ठावर त्यांचें चित्र छापलें. पुढें एका सभेंत, आपली प्रीति स्त्री व पुरुष या दोहोंवरही जडते, हें त्यांनीं मान्य केलें. लगेच डिसेंबरांत त्याच ‘टाइम’नें निकाल दिला कीं, या कबुलीनें चळवळीची प्रवक्ती म्हणून बाईंची पत जाणार व त्यांच्या सिद्धांतांवरही संशय येणार!

आम्ही विचारतों, कोणत्या न्यायानें? लॉरेन्सनें १९१२ सालीं चक्क गुरुपत्नीस घेऊन परदेश गांठला. तेवढ्यावरून त्याच्या कादंबऱ्या वर्गांतून हद्दपार करावयास कोणी प्राध्यापक निघाल्याचें आमच्या ऐकिवांत नाहीं. (आम्हीही त्या आनंदानें शिकवीत आलों.) मेलरची गोष्ट याहून भयंकर. १९६० सालीं त्यानें आपल्या पत्नीला चाकूनें भोसकलें. १९६९ सालीं त्याला पुलित्झर पारितोषिक मिळालें. आणि १९७१ सालीं मिलेटबाईंना त्यानें जें लांबलचक उत्तर लिहिलें, त्यासाठीं ‘हार्पर्स’ मासिकानें जवळजवळ अख्खा अंक मोकळा करून दिला. चाकूनें पत जात नाहीं, प्रीतीनें जाते!

कोणी म्हणेल, या विषयावरच जी लिहिते तिचें वर्तन पाहावयास नको काय? पाहावें, पण मग सर्वांचेंच पाहावें. शिवाय दोन्ही बाजू ज्याला ठाऊक त्याची साक्ष एरवीं अधिक मोलाची मानतात.

बाईंच्या ग्रंथांत दोष नाहींत असें मुळींच नाहीं. पात्राचें बोलणें तें लेखकाचेंच मत, असें त्या वारंवार धरून चालतात. लॉरेन्सला त्यांच्याकडून न्याय कमीच मिळाला आहे. या मुद्द्यांवर त्यांना कोंडींत पकडतां आलें असतें. मात्र त्यासाठीं पुस्तक वाचावें लागतें.

१९७९ सालीं इराणी स्त्रियांच्या निदर्शनांत सामील झाल्याबद्दल त्यांना त्या देशांतून घालवून देण्यांत आलें; मनोरुग्णांना सक्तीनें डांबण्याविरुद्ध त्यांनीं १९९० सालीं लिहिलें; २०१७ सालीं पॅरिसमध्यें त्या वारल्या. त्यांचा तो ग्रंथ मध्यंतरीं मिळेनासा झाला होता. २००० सालीं इलिनॉय विद्यापीठाच्या मुद्रणालयानें तो पुन्हां काढला आहे. खंडन करूं इच्छिणाऱ्यांनीं ती प्रत मिळवावी.