झारांचा दंश आणि आपली बेफिकिरी

2020 च्या नोव्हेंबरमध्ये अवघ्या दोन दिवसांत गोव्याच्या किनाऱ्यांवर नव्वदहून अधिक लोकांना जेलीफिशचा दंश झाला. त्यांतील बहुसंख्य लोक बागा ते सिकेरी या पट्ट्यातले होते. त्याआधी 2018 च्या ऑगस्टमध्ये मुंबईत जुहूच्या चौपाटीवरही असाच प्रकार घडला होता. अशा बातम्या चार दिवस गाजतात आणि विरून जातात. पुढच्या हंगामात दंश झालेला पर्यटक पुन्हा भोवतालच्या गर्दीच्या अडाणी उपचारांच्या हवाली होतो.

कोकणपट्टीतील मच्छीमार या प्राण्याला झार म्हणतात. तो कोणाचा पाठलाग करीत नाही. वारा आणि प्रवाह नेतील तिकडे जातो. त्याच्या तंतूंवर असंख्य सूक्ष्म दंशपेशी असतात आणि नुसत्या स्पर्शाने त्या विष टोचतात. वाळूवर मरून पडलेल्या झाराच्या दंशपेशीही काही काळ जागत्या असतात. पावसाळ्यात किनाऱ्याला लागणारी ‘ब्लू बॉटल’ हा खरे पाहता जेलीफिश नसून अनेक जीवांची एकत्र वसाहत आहे. परंतु तिचा निळा फुगा मुलांना खेळण्यासारखा भासतो आणि तेथेच घात होतो.

दंश झाला की कोणी जागेवर वाळू चोळतो, कोणी नळाचे गार पाणी ओततो, कोणी मद्य, तर कोणी मूत्रही सुचवितो. या साऱ्याने अंगाला चिकटलेल्या दंशपेशी अधिकच चेतण्याचा धोका असतो. करावयाचे ते साधे आहे. प्रथम पाण्याबाहेर यावे, जागा समुद्राच्याच पाण्याने धुवावी, चिकटलेले तंतू उघड्या हाताने न काढता चिमट्याने किंवा हातमोजा घालून काढावेत. त्यानंतर सोसवेल इतक्या, म्हणजे सुमारे 45 अंश सेल्सिअस उष्णतेच्या पाण्यात ती जागा वीस मिनिटे ठेवावी. व्हिनेगर काही जातींच्या दंशावर उपयोगी, तर काहींवर अपायकारक ठरते. म्हणून तो निर्णय जाणकारावर सोडावा. श्वास लागला, छातीत दुखू लागले, चेहरा सुजला किंवा डोळ्याला दंश झाला, तर क्षणाचाही विलंब न लावता 108 ला कळवावे.

गोव्याच्या किनाऱ्यांवर 2008 पासून जीवरक्षक आहेत आणि त्यांनी अनेकांचे प्राण वाचविले आहेत. पण मैलोगणती पसरलेल्या वाळूवर प्रत्येक ठिकाणी ते कसे पोहोचणार? किनाऱ्यावरच्या प्रत्येक शॅकमध्ये मात्र चूल दिवसभर पेटलेली असते. शॅकचा परवाना देतानाच गरम पाणी, चिमटा आणि हातमोजे ठेवण्याची अट सरकारने घालावी. त्याला खर्च तो कितीसा? बेळगाव, कोल्हापूर, हुबळीकडून सहली घेऊन येणाऱ्यांना कळतील असे मराठी, कोंकणी, कन्नड आणि हिंदी फलक लावावेत. झार दिसताच रापणकारांनी खबर द्यावी आणि जीवरक्षकांनी तेवढ्या पट्ट्यात पोहण्यास मज्जाव करावा, अशी व्यवस्था पंचायतींना सहज उभी करता येईल.

पर्यटकांच्या संख्येचे आकडे अभिमानाने सांगणाऱ्या राज्याने त्यांच्या सुरक्षिततेचाही हिशेब ठेवला पाहिजे. कळवळून रडणाऱ्या पोराला घेऊन परगावची आई वाळूवर सैरावैरा धावते, तेव्हा तिला उपाय सांगणारा एकही माणूस जवळ नसावा, हे आतिथ्याचा टेंभा मिरविणाऱ्या गोमंतकाला शोभणारे नाही.