पडताळणी उसनी मिळत नाही

१८ नोव्हेंबर २०१९ रोजी मोनेरोच्या अधिकृत संकेतस्थळावरून कमांड-लाइन सॉफ्टवेअर डाउनलोड केलेल्या एका वापरकर्त्याने फाइलचा हॅश काढला आणि संकेतस्थळावर दिलेल्या हॅशशी ताडून पाहिला. दोन्ही जुळेनात. त्याने ते जाहीर केले, आणि तपासाअंती कळले की सर्व्हरवरची फाइलच बदलली गेली होती. वॉलेट उघडले की त्याची गुप्त किल्ली ती हल्लेखोराकडे पाठवत होती. पत्ता खरा, ब्राउझरमधले कुलूप खरे, फाइल तेवढी खोटी!

नोड बसवणाऱ्या आणि सांभाळणाऱ्या आपल्या वाचकांनी या घटनेतला पुढचा प्रश्न विचारायला हवा. हल्लेखोराने पानावरचा हॅशही बदलला असता तर? तेव्हा हॅश बिनबोभाट जुळला असता. म्हणून सहीची तपासणी आधी आणि हॅशची नंतर, हा क्रम मोडू नये. बिटकॉइन कोअरच्या प्रत्येक आवृत्तीसोबत हॅशची यादी आणि त्या यादीवरच्या सह्या अशा दोन फाइली येतात. जीपीजीने सही तपासली की ‘सही योग्य आहे’ अशा अर्थाची ओळ उमटते, आणि तिच्याखाली ‘ही किल्ली प्रमाणित नाही’ असा इशारा येतो. बहुतेक जण पहिली ओळ वाचून पुढे जातात. पण ती किल्ली नेमकी कोणाची, हे तुम्ही अजून ठरवलेलेच नाही, असे तो इशारा सांगत असतो. किल्लीचे चाळीस अक्षरी फिंगरप्रिंट दोन-तीन वेगळ्या ठिकाणांहून मिळवा, अक्षरन् अक्षर जुळवा आणि मगच तिच्यावर विश्वास ठेवा.

सही फाइल कोणी दिली ते सांगते. आत काय आहे ते सांगत नाही. सोर्स कोड स्वच्छ असूनही कंपायलर बायनरीत घातपात करू शकतो, हे केन थॉम्पसन यांनी १९८४ मध्येच दाखवून दिले. मार्च २०२४ मध्ये एक्सझेड या कॉम्प्रेशन साधनाच्या प्रकरणात चोरवाट उघडणारी कळीची स्क्रिप्ट गिटमध्ये नव्हती, ती फक्त प्रकाशित टारबॉलमध्ये होती. यावर उतारा एकच: अनेकांनी आपापल्या यंत्रांवर बिल्ड करायचे आणि बाइटन् बाइट तीच फाइल तयार होते का ते पाहायचे. वेळेची नोंद, फाइलींचा क्रम, फोल्डरचा मार्ग, कंपायलरची आवृत्ती यांपैकी काहीही बदलले तरी हॅश बदलतो. बिटकॉइन कोअर आधी गिटियन वापरत असे. २०२१ च्या २२.० आवृत्तीपासून गीक्स हे सारे घटक बांधून ठेवते. बिल्ड करणारे आपापले हॅश सही करून सार्वजनिक भांडारात ठेवतात आणि तिथे कोणालाही भर घालता येते.

इथे एक गल्लत टाळावी. सीमेकने स्वतः कंपाइल केलेल्या नोडचा हॅश प्रकाशित हॅशशी जुळेल अशी अपेक्षा धरू नये. असा नोड चालवणे उत्तमच, पण त्याने प्रकाशित बायनरीची शहानिशा होत नाही. शिवाय गिटमधल्या टॅगवरची सही तपासायची राहतेच.

नोड सुरू झाल्यावरही काम संपत नाही. मूळ सेटिंगमध्ये ‘असूमव्हॅलिड’मुळे जुन्या ब्लॉकमधल्या सह्या तपासल्या जात नाहीत, ज्याला साखळी मुळापासून तपासायची आहे त्याने ते शून्य करावे. डिस्क लहान असेल तर प्रूनिंग बेलाशक वापरा, कारण ब्लॉक आधी तपासला जातो, नंतर टाकला जातो. ८३३२ हे आरपीसी पोर्ट इंटरनेटवर उघडे ठेवू नका. यूपीएस असू द्या, आणि यंत्र बंद करताना नोडला मेमरीतला डेटा डिस्कवर लिहू द्या. मध्येच लाइट गेली आणि डेटाबेस बिघडला, तर रीइंडेक्समध्ये कित्येक तास जातात, कधी दिवसही.

सगळ्यात जास्त धोका घाईत असतो. सप्टेंबर २०१८ मध्ये बिटकॉइन कोअरमध्ये, एकाच व्यवहारात तेच नाणे दोनदा खर्च दाखवून नवी नाणी निर्माण करता येतील असा दोष सापडला, आणि ०.१६.३ आवृत्ती तातडीने आली. अशा वेळी दुरुस्ती लवकर बसवावीच लागते. नेमकी तेव्हाच पडताळणी गाळली जाते, आणि बनावट फाइल पसरवणाराही त्याच क्षणाची वाट पाहत असतो. तपासलेल्या किल्ल्या आणि पडताळणीची स्क्रिप्ट आजच तयार असतील, तर त्या दिवशी फार तर पाच मिनिटे जास्त लागतील.

म्हणून या महिन्यात दोन कामे कराच. आपल्या नोडवर आज जी बायनरी चालू आहे, तिची सही आणि हॅश तपासा. ज्यांच्याकडे बऱ्यापैकी यंत्र आणि डिस्कवर मोकळी जागा आहे, त्यांनी पुढच्या आवृत्तीचे गीक्स बिल्ड करून आपला हॅश सहीनिशी भांडारात दाखल करावा. स्वतंत्रपणे जुळलेल्या प्रत्येक हॅशगणिक एकट्या-दुकट्यावर विसंबण्याची गरज कमी होते, आणि नोड चालवण्यामागचा हेतूही तोच आहे.