मदत मिळाली, भरपाई बाकी आहे

18 डिसेंबर 2024 रोजी मुंबईच्या गेटवेहून घारापुरीला निघालेल्या ‘नीलकमल’ या प्रवासी बोटीवर नौदलाची स्पीडबोट आदळली आणि 15 जणांचा जीव गेला. मृतांच्या वारसांना राज्याकडून पाच लाख आणि पंतप्रधान मदतनिधीतून दोन लाख रुपये जाहीर झाले. तेवढ्यावर विषय मिटला असे मानणाऱ्यांशी माझे भांडण आहे. मदत सरकारच्या मर्जीने मिळते. भरपाई हा ज्याचे माणूस गेले त्याचा हक्क आहे.

‘नीलकमल’ जादा भरलेली होती, हा मुद्दा सर्वांत आधी पुढे केला जातो. तो खराच आहे. परवानगी 84 प्रवासी आणि 6 खलाशांची होती, बोटीत माणसे शंभरावर होती. त्याचा जाब बोटमालकाला द्यावाच लागेल. पण त्यामुळे धडक देणारा सुटत नाही. व्यापारी जहाजांच्या 1958 च्या कायद्याने टकरीतल्या मालमत्तेच्या नुकसानीचा भार ज्याच्या-त्याच्या दोषाच्या प्रमाणात वाटला आणि जीवितहानी झाली तर दोन्ही जहाजांच्या मालकांना संयुक्तपणे व स्वतंत्रपणे जबाबदार धरले. रस्ते अपघातांबाबत सर्वोच्च न्यायालयाने 2015 मध्ये खेनयेई खटल्यात हेच सांगितले: चूक दोघांची असेल तर पीडिताने कोणा एकाकडूनही पूर्ण रक्कम मागावी, त्या दोघांनी आपसातला हिशेब नंतर करावा. तिकीट काढून बाकावर बसलेल्या प्रवाशाच्या वाट्याला दोष येतोच कुठे?

दुसरे म्हणणे असे की चाचणी सुरू असताना स्पीडबोटीचे इंजिन बिघडले, त्याला कोण काय करणार? चाचणी घेतात तीच मुळी इंजिन बिघडू शकते म्हणून. अशी चाचणी प्रवासी बोटींच्या ये-जा करण्याच्या पाण्यात घ्यायची की मोकळ्या पाण्यात, हा निर्णय माणसांचा असतो. टक्कर टाळण्याच्या आंतरराष्ट्रीय नियमांतला सहावा नियम वेग ठरवताना आसपासची वर्दळ आणि आपली बोट किती चटकन वळते-थांबते, दोन्ही पाहायला सांगतो. अपघात अटळ होता असे म्हणणाऱ्यानेच पुरेशी काळजी घेतल्याचे सिद्ध करायचे असते.

सरकारला दाव्यापासून वाचवणारे सार्वभौम कार्याचे कवचही पुढे येते. 1965 च्या कस्तुरीलाल निकालाने ते दिले खरे, पण 1994 च्या नागेंद्र राव निकालाने ते बरेच आकसले. बंदरातली इंजिनचाचणी म्हणजे युद्ध नव्हे.

खरी अडचण मात्र हा हक्क बजावण्याच्या खर्चाची आहे. परदेशी मालवाहू जहाजाने धडक दिली तर 2017 च्या ॲडमिरल्टी कायद्याखाली उच्च न्यायालयाकडून ते जहाजच अडकवून ठेवता येते. मालक हमी भरतो तेव्हाच ते सुटते. युद्धनौका आणि बिगरव्यापारी सरकारी जहाजे या कायद्याबाहेर आहेत. मग उरतो साधा दिवाणी दावा. त्यासाठी केंद्राला आधी दोन महिन्यांची नोटीस, मग कोर्ट फी, वकील, इंजिनातला बिघाड समजावून सांगणारा तज्ज्ञ साक्षीदार. चौकशीचे कागद प्रतिवादीच्याच कपाटात असतात. आणि जीवघेण्या अपघातांच्या 1855 च्या कायद्याखालच्या दाव्याची मुदत मृत्यूपासून अवघी दोन वर्षे. घरातला कमावता माणूस गेलेल्या बाईने हे सारे कशाच्या जोरावर पेलायचे?

हाच माणूस रेल्वे अपघातात गेला असता तर रेल्वे दावे न्यायाधिकरणापुढे कोणाचा दोष सिद्ध न करता आठ लाख मिळाले असते. रस्त्यावर वाहनाने उडवले असते तर मोटार अपघात न्यायाधिकरण होते, सक्तीचा विमा होता आणि दोष सिद्ध न करता पाच लाखांची तरतूद होती. भाऊचा धक्का, मोरा, रेवस, मांडवा इथून रोज लाँचने जाणाऱ्यांसाठी यातले काय आहे? बंदर आणि किनाऱ्यावरच्या टकरींसाठी असेच दावे न्यायाधिकरण हवे. त्याच्या अधिकारात सरकारी बोटीही याव्यात, चौकशी अहवालाची प्रत वारसांना आपणहून मिळावी आणि पहिली ठरावीक रक्कम दोषाचा वाद मिटण्याआधीच हातात पडावी. आधी दिलेली सरकारी मदत तीतून वजा होता कामा नये.