पुदुच्चेरीत उतरावे कोठे?

जिंतूर तालुक्यातील बोरीसारख्या गावी व्यापारी कुटुंबात दूरच्या प्रवासाचा बेत ठरू लागला, की एक प्रश्न हटकून निघतो : मातोश्रींचे काय? सूर्यास्तापूर्वी भोजन, कंदमुळांचा त्याग, गाळलेले पाणी आणि अष्टमी-चतुर्दशीचा उपवास असा चाळीस-पन्नास वर्षांचा नेम असलेली ही माउली नेमगिरीला हौसेने जाते. समुद्रकिनाऱ्याचे नाव काढले की मात्र ‘तुम्ही जाऊन या, दुकान-घर मी पाहते’ असे म्हणते. गुडघे दुखतात हे सांगायचे कारण. खरी धास्ती उतरण्याच्या जागेची असते. मुलगा-सून संकोचाने निघतात, आणि घरात एक ताट मांडले जाते.

तामिळनाडूची यात्रा हा या अडचणीवरचा चांगला मार्ग आहे. वंदवासीजवळची पोन्नूरची टेकडी ही आचार्य कुंदकुंदांची तपोभूमी मानली जाते. तेथे त्यांच्या चरणपादुका आहेत. विळुप्पुरम जिल्ह्यातील मेल चित्तामूर येथे तमिळ दिगंबर जैनांचा मठ व पार्श्वनाथांचे मंदिर आहे. तमिळ ही ज्यांची मातृभाषा, असे हे शेतीवाडी करणारे जैन पाहून मराठवाड्यातील यात्रिकाला आपुलकी वाटल्यावाचून राहत नाही. या दोन्ही स्थानांहून पुदुच्चेरी मोटारीने दोन-अडीच तासांच्या आत येते. यात्रा आणि समुद्र असे दोन्ही साधते. प्रश्न उरतो तो मुक्कामाचा.

पुदुच्चेरीवर फ्रेंचांची सत्ता १९५४ च्या १ नोव्हेंबरपर्यंत प्रत्यक्षात होती. कायदेशीर हस्तांतर १६ ऑगस्ट १९६२ रोजी झाले. शहराच्या मधून एक कालवा जातो. त्याच्या समुद्राकडील बाजूस फ्रेंच वस्ती आणि पश्चिमेस तमिळ वस्ती. फ्रेंच घर रस्त्याकडे पाठ करून बसलेले असते : उंच भिंत, मोठे दार, आणि आत शिरल्यावर अंगण, खांबांची पडवी, बोगनवेल, एखादे आंब्याचे झाड. तमिळ घराला बाहेर ‘तिन्नै’ असते. तिन्नै म्हणजे आपला ओटाच. वाटसरूने टेकावे, वाटल्यास रात्र काढावी, यासाठी घराबाहेर बांधलेला. आत चौक, चौकाभोवती पडवी. बोरीतील जुना वाडा पाहिलेल्याला हे घर नवे वाटणार नाही. अशा तमिळ घरांच्या एका रस्त्याचे, म्हणजे वैश्यांची वस्ती म्हणून ‘वैश्याळ’ म्हटल्या जाणाऱ्या रस्त्याचे, जतन इंटॅक या संस्थेच्या पुढाकाराने झाले आणि त्यास २००८ साली युनेस्कोचा आशिया-प्रशांत वारसा पुरस्कार मिळाला. व्यापाऱ्यांच्या घरांना मिळालेला हा मान आपल्याकडे फारसा कोणाला ठाऊक नाही.

दोन्ही वस्त्यांतील काही जुनी घरे आता छोटी अतिथिगृहे झाली आहेत. फ्रान्समध्ये याच प्रकाराला ‘शांब्र दोत’ म्हणतात आणि २००७ च्या शासकीय आदेशाने त्याला मर्यादा घातली आहे : खोल्या पाचांहून अधिक नसाव्यात, पाहुणे पंधरांहून अधिक नसावेत, स्वागत यजमानानेच करावे, चादरी-टॉवेल व सकाळची न्याहारी भाड्यातच धरावी. व्यापारी मनाला हे प्रथम विचित्र वाटेल. चालणारा धंदा पाच खोल्यांवर का थांबवावा? पण सहावी खोली आली की नोकर येतो, नोकर आला की यजमान दारातून गल्ल्यामागे जातो, आणि पाहुणा काय खात नाही हे विचारायला कोणी उरत नाही. मोठ्या हॉटेलातील स्वयंपाकघर दिवसाला शेकडो ताटांचा हिशेब करते. एका ताटापुरता तवा वेगळा ठेवणे त्याला परवडत नाही. चार खोल्यांच्या घरात ते परवडते. पुदुच्चेरीत असा कायदा नाही; म्हणून खोल्या किती आणि मालक तेथेच राहतो काय, हे दूरध्वनीवर आधी विचारून घ्यावे. पावतीही मागावी. दिवसाला ७,५०० रुपयांपर्यंतच्या खोलीवर २२ सप्टेंबर २०२५ पासून वस्तू व सेवा कर ५ टक्के झाला आहे. कोणी जुना १२ टक्क्यांचा आकडा लावीत असेल तर तो दाखवून द्यावा.

दुसरा पर्याय श्रीअरविंद आश्रमाच्या अतिथिगृहांचा. समुद्रालगतचे ‘पार्क गेस्ट हाउस’ त्याच्या बागेसाठी ओळखले जाते. ते लहान नाही, पण शिस्तीचे आहे. मद्य व धूम्रपान वर्ज्य, रात्री साडेदहाला फाटक बंद. तरुण पर्यटक या नियमांवर नाराज असतात. वृद्ध आईसह गेलेल्या कुटुंबाला याच नियमांचे पैसे द्यावेत असे वाटेल.

या आश्रमाची कथाही एका व्यापाऱ्याच्या पाहुणचारापासूनच सुरू होते. बडोद्यात नोकरी केलेले, मराठी शिकलेले आणि १९०८ साली विष्णू भास्कर लेले या मराठी योग्याचे मार्गदर्शन घेतलेले अरविंद घोष ४ एप्रिल १९१० रोजी बोटीने पुदुच्चेरीस उतरले, तेव्हा इंग्रज सरकारचे वॉरंट त्यांच्या नावे निघत होते. त्यांना आश्रय दिला तो कलवै शंकर चेट्टी या गृहस्थांनी. घराचा वरचा मजला त्यांनी या पाहुण्यास दिला आणि सुमारे सहा महिने तो तेथे राहिला. बाहेर फारसा पडला नाही. त्याच घरात त्याने २३ दिवसांचा उपवासही केला. इंग्रजांचे हेर गावात फिरत असताना असा पाहुणा ठेवणे म्हणजे पेढीचे नाव पणाला लावणे होते. त्याच वर्षी ८ जुलैला सावरकरांनी मार्सेय बंदरात बोटीतून उडी घेतली. तेथील फ्रेंच भूमीने मात्र त्यांना इंग्रजांच्या हवाली केले.

मातोश्रींना न्यायचेच ठरले, तर थोडी पूर्वतयारी हवी. सांबारात छोटे कांदे असतातच. ‘वेंगायम वेण्डाम, पूंडु वेण्डाम’, म्हणजे कांदा नको, लसूण नको, एवढे दोन तमिळ शब्दसमूह पाठ करावेत. बटाटा ‘उरुळैक्किळंगु’. इडलीचे पीठ आंबवलेले असते, हे नेम काटेकोर पाळणाऱ्यांनी ध्यानी घ्यावे; दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी सोबत असली की पहिले दोन दिवस निभावतात. गाळणीचे कापड घरचेच न्यावे.

वेळेकडेही पाहावे. पुदुच्चेरी पूर्वेस असल्याने मे महिन्यात तेथे सूर्य बोरीपेक्षा सुमारे पंचवीस मिनिटे आधी मावळतो, आणि तोही शहराच्या पाठीमागे. समुद्रावर दिसतो तो सूर्योदय. सायंकाळचे ताट साडेपाचला मांडा, असे यजमानाला पहिल्याच दिवशी सांगून ठेवावे. ऑक्टोबर ते डिसेंबर त्या किनाऱ्यावर पावसाचे व वादळांचे दिवस. जानेवारीच्या तिसऱ्या आठवड्यात दोन्हीकडे सूर्यास्त जवळजवळ एकाच मिनिटाला, सहा वाजून सात-आठ मिनिटांनी होतो, आणि घरचे घड्याळ तेथेही चालते. पोंगलच्या सुट्ट्यांची गर्दी ओसरल्यानंतरची तिकिटे काढावीत, आणि खोली तळमजल्यावरची, बागेकडे दार असलेली मागावी.